डिसेंबरच्या मुली

पारखी हे काही त्याचं खरं नाव नव्हतं. एका वार्ताहरानं बातमीत ते वापरलं, ते चिकटलं, आणि त्याला स्वतःला ते इतकं आवडलं की पुढे बँकेतला कारकूनसुद्धा "या पारखीसाहेब" म्हणाला तरी तो दुरुस्ती करेनासा झाला. बायको मात्र घरात त्याला त्या नावानं कधी हाक मारत नसे. ती दातांची डॉक्टर होती आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या गोष्टींवर तिचा विश्वास बसायला वेळ लागायचा.

देशाच्या फुटबॉल संघटनेत पारख्याकडे एकच काम होतं. कोवळ्या वयातल्या गुणी मुली हेरायच्या, त्यांना निवासी शिबिरात आणायचं, आणि तिथे घडवून पुढे राष्ट्रीय संघाच्या हवाली करायचं. दर वर्षी निवडचाचणीच्या दिवशी मैदानाच्या कडेला त्याच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची मांडली जायची. बाकीचे प्रशिक्षक मान मोडेपर्यंत गुणांचे तक्ते भरत बसायचे. पारखी टोपी डोळ्यांवर ओढायचा, दहा मिनिटं गप्प बघायचा आणि मग बोट दाखवायचा. ही, ती, आणि ती दोन वेण्यांवाली. खेळ खल्लास. "दहा मिनिटांत जे कळत नाही ते दहा वर्षांतही कळत नाही," असं तो म्हणायचा, आणि असलं वाक्य आपल्याला सुचलं याचं त्याला दर वेळी नव्यानं कौतुक वाटायचं.

त्याची स्वतःची कारकीर्द सांगायची तर एका थ्रो-इनएवढी होती. राष्ट्रीय संघाकडून तो एकदाच मैदानात उतरला, तेही सामना संपता संपता, दुसऱ्या कुणाच्या पोटरीत गोळा आला म्हणून. चेंडू त्याच्याकडे आला तो थेट हातात, कारण तो बाहेर गेला होता. पारख्यानं तो मोठ्या जोशात फेकला. पंचानं शिट्टी वाजवली, कारण चेंडू डोक्यामागून आणायचा असतो हे जोशाच्या भरात राहून गेलं होतं. पुढची शिट्टी सामना संपल्याची होती. ही हकिकत तो स्वतःच मीठमिरची लावून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "देशासाठी खेळताना माझ्या पायाकडून एकही चूक झालेली नाही. पायाला संधीच मिळाली नाही." लोक हसायचे. आपल्यावर आपणच हसलं की दुसऱ्यांना फारसं काही शिल्लक राहत नाही, ही युक्ती त्याला चांगली साधली होती.

तर या पारख्यानं निवडलेल्या मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी आसपासच्या सगळ्या देशांना धूळ चारायच्या. विमानतळावर फोटो, संघटनेच्या दिवाणखान्यात चषक, सचिवांचं भाषण. मग त्याच मुली वीस वर्षांच्या व्हायच्या, राष्ट्रीय संघात जायच्या, आणि त्याच देशांकडून असा मार खायच्या की बघवत नसे. ही गुणवत्ता मधल्या वाटेत जाते कुठे, हे कुणालाच कळत नव्हतं. सचिव म्हणायचे, मोबाइलमुळे. आहारतज्ज्ञ म्हणायची, नाश्त्यामुळे. एक समिती बसली, तिनं दोन वर्षं विचार केला आणि आणखी एक समिती बसवावी असं सुचवलं. पारख्याला विचारलं की तो खांदे उडवायचा. मी हिरे देतो, पुढचे लोक त्यांचे खडे करतात, असं त्याचं साधं म्हणणं होतं.

त्याला एक मुलगी होती. अंगानं बारीक, स्वभावानं टोकदार, म्हणून मैदानावर तिला सगळे टाचणी म्हणायचे आणि घरातही तेच रूढ झालं होतं. बस डेपोच्या मागच्या पटांगणात ती रोज संध्याकाळी खेळायची. अकराव्या वर्षापासून दर वर्षी ती शिबिराच्या निवडचाचणीला रांगेत उभी राहायची आणि दर वर्षी पारखी तिला वगळायचा. पहिल्या वर्षी त्याला जरा वाईट वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांत आलं की निवड समितीवर असूनही बापानं पोटच्या पोरीला बाजूला ठेवलं, अशी माणसं आहेत म्हणून खेळ टिकून आहे. त्या बातमीनं पारख्याचं वाईट वाटणं जे पळालं ते पुन्हा फिरकलं नाही. कुठेही सत्काराला गेला की तो ही गोष्ट सांगायचा, आवाज जरासा जड करून. टाळ्या हमखास पडायच्या.

टाळ्या घरापर्यंत पोचत नसत. टाचणी रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त बापाला "सर" म्हणायला सुरुवात केली. शिबिराच्या मैदानावर त्याला सर म्हणायचा नियम होताच, तो तिनं घरात आणला. "सर, मीठ द्या." "सर, आई विचारतेय, दूधवाला आला का." आधी पारख्याला गंमत वाटली. वर्ष उलटलं तशी गंमत ओसरली. आणि आता तिचं हे शेवटचं वर्ष होतं. या वर्षी ज्या मुलींना चौदा पूर्ण होणार त्यांना ही शेवटची चाचणी, त्यानंतर नव्या मुलीला शिबिराचं दार बंद, असा संघटनेचा नियम होता. टाचणी पहाटे उठून एकटीच पळायला जायची. तिला ते शिबिर किती हवं होतं हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं.

आता या सगळ्यात केक कुठून आला ते सांगायला हवं. निवासी शिबिरात मुली घरापासून लांब, म्हणून कुणाचाही वाढदिवस असला की जेवणघरात केक कापायची पद्धत होती, आणि पहिला तुकडा पारखीसरांनी खायचा हा अलिखित कायदा. पारखी कायदा मोडणाऱ्यांपैकी नव्हता. दर वर्षी जानेवारी लागला की त्याचा पट्टा एकेक भोक पुढे सरकायचा, मार्चअखेर पँटचं बटण शरण यायचं, आणि मग उन्हाळ्यात सगळं आपोआप ओसरायचं. बायको म्हणायची, याचं पोट हंगामी आहे. त्यानं कारण शोधायच्या भानगडीत न पडता दोन मापांच्या पँटी शिवून घेतल्या होत्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत बायकोनं त्याचं वजन करायला लावलं आणि काट्याकडे बघून ती काहीच बोलली नाही. हे तिच्या बोलण्यापेक्षा भयंकर होतं. दुसऱ्या दिवशी जेवणघरात पुन्हा केक आला. पारख्यानं मदतनीस प्रशिक्षिकेला बाजूला घेतलं. ही एके काळची गोलरक्षक. तिच्या गोलात चेंडू शिरणं म्हणजे बंद घरात शिरणं, म्हणून मुली तिला कुलूपताई म्हणायच्या. पारखी कळवळून म्हणाला की हे वाढदिवस जरा आवरा, आठवड्याचा मिळून एकच केक ठेवा, नाहीतर मी खुर्चीत मावणार नाही.

"सर, थोडं सोसा," कुलूपताई म्हणाली. "एप्रिल लागला की सुटलात. मग वर्षभर आपल्याकडे कुणाचा वाढदिवसच नसतो."

पारखी हसला. हसता हसता त्यानं केकचा तुकडा तोंडाकडे नेला आणि तो तिथेच राहिला. वर्षभर कुणाचा वाढदिवस नसतो म्हणजे काय? मुली काय आंब्यासारख्या मोसमात येतात? त्यानं तुकडा खाली ठेवला, टाळ्या वाजवून जेवणघर शांत केलं आणि विचारलं, जानेवारीत जन्मलेल्या कोण? अर्ध्या टेबलांवर हात वर झाले. फेब्रुवारी? पुन्हा हातांचं रान. मार्चमध्येही बऱ्यापैकी. एप्रिलपासून गळती लागली. सप्टेंबरला एकच हात वर आला, तो एका ताडमाड गोलरक्षकाचा, आणि ती बसूनही उभ्या मुलींएवढी दिसायची. ऑक्टोबर, कुणी नाही. नोव्हेंबर, कुणी नाही. डिसेंबर म्हणताना पारख्याचा आवाज चोरटा झाला. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. सरांना काय झालंय ते त्यांना कळेना.

सरांना काय झालं होतं ते असं. संघटनेच्या हिशेबात एका वर्षात जन्मलेल्या सगळ्या मुली एकाच वयाच्या धरल्या जात. जानेवारीतली आणि डिसेंबरातली एकाच मैदानावर, एकाच गटात. पण खरं तर एक दुसरीपेक्षा जवळजवळ वर्षानं मोठी. तिशी-चाळिशीत वर्षानं काही बिघडत नाही. बाराव्या वर्षी मात्र एका वर्षात पाय लांब होतात, छाती भरते, धक्का मारला तर समोरची दोन हात लांब जाऊन पडते. पारख्याची ती जगप्रसिद्ध नजर इतकी वर्षं एवढंच बघत आली होती, की कोण आधी जन्मली. चौदाव्या वर्षी या मुली जिंकायच्या, कारण त्या थोराड होत्या. विसाव्या वर्षी सगळ्याच मोठ्या झालेल्या असायच्या आणि थोराडपणाचं भांडवल संपलेलं असायचं. देशाची गुणवत्ता कुठेही हरवत नव्हती. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलींच्या रूपानं ती दर वर्षी त्याच्या खुर्चीसमोरून चालत घरी जात होती.

वाईट म्हणजे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका अभ्यासवर्गात एक चष्मेवाला गृहस्थ पडद्यावर महिन्यांचे खांब दाखवून नेमकं हेच समजावत होता. पारखी मागच्या बाकावर बसून आपली सही अधिक रुबाबदार कशी दिसेल याचा सराव करत होता. त्या वर्गाचं प्रमाणपत्र त्याच्या कचेरीत टांगलेलं होतं. ती नवी सही त्याच्याखाली खरोखर शोभून दिसायची.

कचेरीत जाऊन तो त्या प्रमाणपत्रासमोर बसला आणि स्वतःला मनसोक्त शिव्या देऊ लागला. दहा मिनिटं कशाला घेत होतास रे, भिंतीवरचं कॅलेंडर मैदानात उभं केलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत निवडलं असतं, वर त्याला खुर्चीही लागली नसती. हे असं चाललं असताना मध्येच त्याच्या जिभेवरची शिवी वाळली. टाचणीचा जन्म डिसेंबरचा होता, अगदी शेवटच्या आठवड्यातला. डॉक्टरांनी दिलेली तारीख जानेवारीची होती, पण पोरगी आधीच आली. चार दिवस आत थांबली असती तर पुढच्या गटातली सगळ्यात थोराड मुलगी ठरली असती आणि पारख्यानं टोपी खाली ओढून मोठ्या ऐटीत तिच्याकडे बोट दाखवलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो सचिवांकडे गेला. चाचणीची पद्धत बदलू या, तो म्हणाला. जानेवारी ते मार्चच्या मुली आपसांत खेळू देत, एप्रिल ते जूनच्या आपसांत, तसंच पुढे, आणि प्रत्येक गटातून निवड करू. सचिव खेळातले नव्हते पण माणसांतले होते. त्यांनी सगळं नीट ऐकलं, पटलं म्हणाले, चहा मागवला, आणि मग सहज विचारलं की तुमच्या मुलीचा वाढदिवस कधी असतो.

पारख्यानं महिना सांगितला. सचिव खुर्चीत मागे रेलले.

"इतकी वर्षं काही दिसलं नाही. मुलीच्या शेवटच्या वर्षी दिसलं," ते म्हणाले. "मी काही म्हणत नाही, पण लोकांना तोंड आहे. असं करू, हे पुढच्या वर्षापासून आणू. तोवर तुमची मुलगी वयाबाहेर गेलेली असेल. तुमचं नाव राहील, आणि सुधारणाही होईल."

बोलणं शहाणपणाचं होतं. इतकं की पारख्यानं मान डोलावली, चहा संपवला, आभार मानले आणि तो जिना उतरून खाली आला. आपलं नाव राहणार या कल्पनेनं त्याला बरंही वाटलं. तळमजल्यावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की या वर्षीच्या सगळ्याच डिसेंबरच्या मुली वयाबाहेर जातील, टाचणी एकटी नव्हे. त्यांचे बाप निवड समितीवर नव्हते आणि त्यांच्यासाठी पुढचं वर्ष म्हणजे काहीच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला टाचणीचंही दुःख झालं, उघड, सरळ, बापाला व्हायला हवं तसं. ही भावना वर्तमानपत्रात छापून येण्यासारखी नव्हती. तो पुन्हा जिना चढला. केकमुळे दोनदा थांबावं लागलं.

सचिवांसमोर धापा टाकत तो म्हणाला की बदल याच वर्षी करा. मी निवडीतून बाहेर होतो. खुर्ची कुलूपताईला द्या. त्या दिवशी मी फाटकाच्या आत पाऊलही टाकणार नाही.

"आणि लोकांनी विचारलं, तुमचा पारखी इतकी वर्षं करत काय होता, तर?"

"सांगा, केक खात होता," पारखी म्हणाला.

सचिवांनी कागद पुढे ओढला आणि ते हो म्हणाले.

घरी जाताना पारख्याच्या अंगात जणू वारा भरला होता. खुर्ची सोडली, नाव सोडलं, मुलीला न्याय मिळवून दिला. आपण किती थोर आहोत हे पुन्हा एकदा सिद्ध झालं होतं आणि या खेपेला तर कुणाला सांगायचंही नव्हतं, त्यामुळे थोरपण आणखीच वाढलं होतं. रात्री जेवताना त्यानं सगळं सांगितलं, महिन्यांचं, केकचं, जेवणघरातल्या हातांचं. स्वतःची टिंगलही पोटभर केली. बायको हसली. टाचणी जेवण थांबवून ऐकत होती.

"म्हणजे मी कच्ची नव्हते," ती सावकाश म्हणाली. "उशिरा जन्मले होते."

पारखी म्हणाला, अगदी बरोबर, चूक सगळी माझी.

टाचणीनं ताट जरा बाजूला सारलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याला पूर्वीसारखी हाक मारली.

"बाबा, मग मी चांगली खेळते?"

पारख्यानं तोंड उघडलं. तिचा एकही पास, एकही गोल त्याला आठवेना. गेल्या तीन वर्षांत मुलीचा गट मैदानात आला की तो काय करायचा? बाप मुलीकडे मायेनं बघतोय असं कुणाला वाटू नये म्हणून तो भलतीकडे बघायचा. कागदावर तिच्या क्रमांकापुढे फुली मारायचा आणि मग हलका व्हायचा. डेपोच्या पटांगणात तर तो कधी गेलाच नव्हता, कारण मुलीला खासगीत शिकवतो असं बोललं गेलं असतं. त्यानं देशातल्या असतील नसतील तेवढ्या मुलींचा खेळ पाहिला होता. आपल्या मुलीचा मात्र दहा मिनिटंही पाहिला नव्हता.

"छान खेळतेस की," तो म्हणाला.

दिवसातून दोनदा दात घासतो म्हणणाऱ्या पेशंटकडे बायको जशी बघायची, तशी ती त्याच्याकडे बघू लागली.

"पहिल्या वर्षी मी गोल केला तेव्हा तू पाणी पीत होतास," टाचणी म्हणाली. "मग एकदा बुटाची नाडी बांधत होतास. गेल्या वर्षी पाठ करून फोनवर बोलत होतास. मी प्रत्येक वेळी बघायचे, तू बघतोयस का."

पारखी म्हणाला की अगं, लोक काय म्हणाले असते.

"लोक बघत होते बाबा. तूच बघत नव्हतास." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर पारख्याला सोपं गेलं असतं. "बाकीच्या मुलींना निदान दहा मिनिटं तरी मिळाली."

जेवण तिथेच आटोपलं. मगाचा वारा कुठच्या कुठे गेला होता. ताटं उचलताना टाचणीनं सांगितलं की ती चाचणीला जाणार आहे, कुलूपताई आहे म्हणून जाणार आहे. पारखी म्हणाला की मला आत जायला बंदी आहे, पण स्कूटरवरून सोडायला येईन, तेवढं येऊ दे. ती बरं म्हणाली.

चाचणीच्या दिवशी त्यानं तिला फाटकाशी सोडलं. आत जाताना तिनं मागे वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं त्याला पाहून ताठ उभा राहणारा पहारेकरी त्याच अदबीनं आडवा आला आणि म्हणाला, साहेब, तुम्हाला तेवढं सोडायचं नाही असं सांगितलंय. पारखी म्हणाला, बरोबर आहे, मीच सांगितलंय, आणि मैदानाच्या भिंतीलगतच्या गल्लीत जाऊन उभा राहिला. तिथे टायर दुरुस्तीचं एक दुकान होतं. आतून शिट्टी ऐकू आली, मग चेंडूचे धपाधप आवाज, मग पालकांचा आरडाओरडा. आता कुठला गट असेल? आता तिच्या पायात चेंडू असेल का? त्याला मुलीचा खेळ बघावासा वाटत होता. आणि मध्ये एक भिंत होती, जी उभारायची अट त्यानंच घातली होती.

थोड्या वेळानं त्याला राहवेना. टायरवाल्याची परवानगी काढून तो जुन्या टायरांच्या ढिगावर चढला. ढीग त्याच्या वजनाखाली कुरकुरत बसका झाला. टाचा उंचावल्यावर त्याला गोलाचा वरचा दांडा दिसला आणि पुष्कळसं आकाश. एकदा चेंडू उंच उडून भिंतीवर आला, क्षणभर दिसला आणि परत खाली गेला. तो कुणी मारला हे कळायला मार्ग नव्हता. टायरवाल्यानं विचारलं, आत कोण आहे तुमचं? पारखी म्हणाला, मुलगी. कशी खेळते, टायरवाल्यानं विचारलं. पारख्यानं ऐकू न आल्यासारखं केलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचे गुडघे मातीनं भरले होते आणि तोंड लालबुंद झालं होतं. तिनं बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं आणि मग म्हणाली, "नाही घेतलं."

पारख्याच्या डोक्यात सणक गेली. आत जावं आणि कुलूपताईला जाब विचारावा, बाईला गोलाच्या दोन खांबांपलीकडचं काही कळतं का, अशी ऊर्मी त्याला आली. एवढ्या वर्षांचा त्याचा निःपक्षपातीपणा इतक्या सहज वितळला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"आमच्या गटातल्या दोघींना घेतलं," टाचणी सांगत होती. "त्या भारी होत्या बाबा, खरंच. कुलूपताई पूर्ण वेळ उभी होती. आमच्याबरोबर कडेकडेनं पळत होती. नंतर मला बोलावून घेतलं तिनं. म्हणाली, तुला मैदान दिसतं, कुणाला कधी पास द्यायचा ते कळतं. पण डावा पाय फार कच्चा आहे. डावीकडे चेंडू आला की मी उजव्यावर घेते आणि तेवढ्यात समोरची येते. म्हणाली, लहानपणी कुणी बघितलं असतं तर तीन वर्षांत झाला असता." एवढं बोलून तिचा आवाज फाटला. ती तिथेच स्कूटरला टेकून रडली, बाहीनं नाक पुसत. मग म्हणाली, "पण तिनं बघून नाही म्हटलं."

पारखी तिच्याशेजारी स्कूटरला टेकला. डावा पाय घडवणं ही काही जादू नव्हती, त्याचं तर ते रोजचंच काम होतं. शिबिरातल्या कितीतरी मुलींचे कच्चे डावे पाय त्यानं तीन-तीन वर्षं खपून पक्के केले होते, भिंतीसमोर उभं करून, रोज संध्याकाळी, चिकाटीनं. त्याच संध्याकाळी डेपोमागच्या पटांगणात त्याची मुलगी चेंडू उजव्या पायावर घेत होती. शिबिराचं दार आता बंद झालं होतं आणि त्याला ते उघडता येणार नव्हतं. यावर एखादा विनोद करावा म्हणून त्यानं मनात चाचपून पाहिलं. एकही सापडला नाही.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"डावा पाय."

टाचणीनं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. मग पिशवीतून चेंडू काढला, मैदानाच्या भिंतीपासून मागे सरकत गेली आणि डाव्या पायानं मारला. चेंडू वाकडातिकडा उडून टायरवाल्याच्या दुकानात शिरला. तिनं चटकन बापाकडे पाहिलं. पारख्याची नजर तिच्यावरच होती.

टायरवाल्यानं चेंडू बाहेर टाकला. तिनं पुन्हा मारला. हाही चुकला. पाऊल कुठे पडतंय, कंबर कुठे वळतेय, चेंडूवर झुकायला ती कशी कचरतेय, हे सगळं पारख्याला आता दिसत होतं, आणि तो अजून काहीच बोलला नव्हता. फाटकातून बाहेर पडणारे पालक थबकून बापलेकीकडे बघू लागले होते.

"लोक बघतायत बाबा," टाचणी म्हणाली.

"बघू देत," पारखी म्हणाला. "पुन्हा मार."